डॅशबोर्डामागची गळती : जुन्या अमेरिकी ट्रकचा हीटर कोअर

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचतच नाही. ती सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंबरोबर आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटबरोबर, म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांच्या मिश्रणाबरोबर, उष्णतेच्या रूपाने निघून जाते. या वाया जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग माणसांच्या उपयोगी आणण्यासाठी डॅशबोर्डामागे जो लहानसा रेडिएटर बसवलेला असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. त्यात हलणारा एकही भाग नसतो, त्याची किंमत बॅटरीपेक्षाही सहसा कमी असते, आणि तो नीट चालू असेपर्यंत वाहनमालकाला त्याच्या अस्तित्वाचीही जाणीव नसते. तरीही जुन्या वाहनांच्या दुरुस्तीत हा भाग बदलण्याच्या कामाला सगळेच धास्तावतात, कारण वस्तू स्वस्त असली तरी तिची जागा महाग आहे. काही वाहनांत ती अर्ध्या तासात हाती लागते, तर काहींत तिच्यापर्यंत पोहोचायला अख्खा डॅशबोर्ड सोडवावा लागतो. म्हणूनच या दुरुस्तीत पान्याच्या कामापेक्षा निदानाचे मोल अधिक आहे.

या लेखात ट्रक म्हणजे अमेरिकेतील पिकअप, पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले, शेतीपासून बांधकामापर्यंत सर्व कामांना जुंपले जाणारे वाहन. फोर्ड कंपनीची एफ मालिका १९७७ पासून त्या देशात सर्वाधिक खपणारी ट्रकमालिका आहे, आणि हे ट्रक सहजासहजी भंगारात जात नाहीत. २०२४ साली अमेरिकेतील हलक्या वाहनांचे सरासरी वयच सुमारे १२.६ वर्षे होते. त्यामुळे १९८७ ते १९९६ या काळातले एफ-१५० किंवा १९९४ ते २००१ या काळातले डॉज रॅम आजही मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन यांसारख्या राज्यांत रोजच्या कामाला असलेले दिसतात. तिथल्या हिवाळ्यात उणे वीस अंश सेल्सियसची सकाळ नवलाची नसते. अशा हवामानात हीटर बंद असलेला ट्रक केवळ गैरसोयीचा न राहता धोक्याचा ठरतो, कारण काचेवरचा बर्फ वितळवणे आणि आतल्या श्वासांनी धरलेले धुके घालवणे हे कामही त्याच गरम हवेकडे सोपवलेले असते.

ही सोय मोटारीच्या जन्माबरोबर आलेली नाही. सुरुवातीच्या उघड्या मोटारींत गोधड्या आणि तापवलेल्या विटांवर भागवले जाई. बंद केबिनी रूढ झाल्यावर सायलेन्सरच्या नळीवरून हवा फिरवून ती आत सोडणारे हीटर आले. त्यांच्यात नळीला भोक पडले की विषारी कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनीत शिरण्याची भीती होती. इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारे हीटर १९३० च्या दशकात पसरले. नॅश कंपनीने १९३८ च्या मॉडेलांसाठी बाहेरची ताजी हवा घेऊन ती गरम कोअरवरून केबिनीत नेणारी व्यवस्था आणली आणि पुढच्या वर्षी तिला तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटची जोड देऊन ‘वेदर आय’ हे नाव दिले. आजच्या बहुतेक वाहनांतली रचना मूलतः तीच आहे. पुढे अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे १०३ क्रमांकाचे सुरक्षा मानक १९६८ पासून लागू झाले आणि पुढची काच बर्फ व धुके यांपासून मोकळी करणारी यंत्रणा वाहनात असणे बंधनकारक झाले. तेव्हापासून हीटर ही चैनीची वस्तू राहिली नाही.

कोअरची घडण मोठ्या रेडिएटरसारखीच असते. दोन टोकांना दोन लहान टाक्या, त्यांना जोडणाऱ्या चपट्या व अरुंद नळ्यांच्या रांगा, आणि नळ्यांच्या मधोमध घड्या घातलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या, ज्यांना फिन्स म्हणतात, एवढाच त्याचा पसारा. इंजिनाचा वॉटर पंप गरम कूलंट एका रबरी होजमधून कोअरमध्ये ढकलतो आणि ते दुसऱ्या होजमधून पंपाच्या ओढीच्या बाजूला परत येते; हे दोन्ही होज इंजिन आणि केबिन यांना विभागणाऱ्या पत्र्याच्या भिंतीतून, म्हणजे फायरवॉलमधून, इंजिनाच्या बाजूला बाहेर आलेल्या कोअरच्या दोन तोट्यांवर चढवलेले असतात. अमेरिकी ट्रकांत यांपैकी एक होज बहुधा पाच अष्टमांश इंचाचा आणि दुसरा पाऊण इंचाचा असतो. कोअर ज्या प्लॅस्टिकच्या पेटीत बसतो त्याच पेटीत, एसी असलेल्या ट्रकांत, हवा थंड करणारी कॉइलही असते, आणि ब्लोअरची हवा कोअरवरून किती जाऊ द्यायची व किती बाजूने वळवायची हे पेटीतले एक झडपेसारखे दार ठरवते. चालक गरम-थंडची मूठ फिरवतो तेव्हा बहुतेक ट्रकांत कूलंटचा प्रवाह तसाच चालू राहतो आणि फक्त हे दार हलते. याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे : हीटर उन्हाळाभर बंद असला तरी कोअरमधून तापलेले आणि दाबाखालचे कूलंट वाहतच असते, त्यामुळे त्याची झीज बारमाही आहे.

महाराष्ट्रात हीटरची मूठ वर्षातून क्वचितच फिरते, पण एसी असलेल्या बहुतेक मोटारींत हाच कोअर डॅशबोर्डामागे दडलेला असतो. कसारा किंवा खंबाटकीच्या घाटात इंजिन तापू लागले की हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात लावावा, हा जाणत्या चालकांचा उपाय याच रचनेवर आधारलेला आहे. केबिन भाजून निघते खरी, पण इंजिनाला तेवढ्या वेळेपुरता दुसरा रेडिएटर मिळतो.

कोअर गळतो तो प्रामुख्याने कूलंटकडे झालेल्या दुर्लक्षामुळे. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर ते मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि रेडिएटरच्या झाकणाने यंत्रणेत पंधरा-सोळा पौंडांचा दाब राखला तर ते १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळतही नाही. ही दोन कामे ते वर्षानुवर्षे करत राहते, म्हणून मालकाला वाटते की कूलंट अजून चांगलेच आहे. पण त्यात धातूंना गंजापासून जपणारी जी रसायने मिसळलेली असतात, ती खर्च होत जातात. जुन्या हिरव्या कूलंटमध्ये ती साधारण दोन वर्षांत किंवा तीस हजार मैलांत संपतात; जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या मध्याला आणलेल्या नारिंगी डेक्स-कूलसारख्या सेंद्रिय आम्लांवर आधारित कूलंटची मुदत पाच वर्षे सांगितली जाते. रसायने संपली की ग्लायकॉलचेच ऑक्सिडीकरण होऊन आम्ले तयार होतात आणि ती धातू खाऊ लागतात. जुने कोअर तांबे व पितळ यांचे असून त्यांचे सांधे शिशाच्या मिश्रधातूने झाळलेले असत. अशा सांध्यांवर क्षारांची पांढरी फुले येतात, सांधा पोकळ होत जातो आणि सुटलेला कचरा अरुंद नळ्यांत अडकून बसतो. नंतरचे कोअर ॲल्युमिनियमचे आले. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक असली तरी ॲल्युमिनियमचे वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच असते आणि ते स्वस्तही पडते, म्हणून उद्योगाने ते स्वीकारले. पण त्याच्या नळ्यांचा पत्रा अतिशय पातळ असतो आणि बिघडलेल्या कूलंटपुढे तो फार काळ टिकत नाही.

दुसरे कारण विजेचे आहे आणि गॅरेजांत ते बहुधा नजरेआड राहते. इंजिन, केबिन आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर पसरलेल्या मिठाने गंजल्या की वीज परतीची वाट शोधत कूलंटमधूनच वाहू लागते, आणि त्या प्रवाहाने कोअरचा धातू कणाकणाने विरघळतो. नवा कोअर सहा-आठ महिन्यांत पुन्हा गळू लागला तर सुटा भाग वाईट निघाला असे म्हणून तिसरा बसवण्याआधी ही शक्यता तपासणे अगत्याचे आहे. तपासणी सोपी असते : व्होल्टमीटरची ऋण तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावायची, धन तारेचे टोक धातूला न टेकवता थंड रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये बुडवायचे, आणि दिवे, ब्लोअर वगैरे सगळे चालू करून आकडा पाहायचा. ॲल्युमिनियमच्या कोअरसाठी एक दशांश व्होल्टपर्यंतचा आकडा चालण्याजोगा मानतात. त्याहून अधिक असेल तर प्रथम अर्थिंग दुरुस्त करावे आणि कूलंट बदलावे.

गळतीची लक्षणे नाकापासून सुरू होतात. हीटर लावल्याबरोबर केबिनीत गोडसर, पाक करपल्यासारखा वास येतो, आणि तो वास ओळखीचा झालेला माणूस पुढे कधी चुकत नाही. त्यानंतर पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला धुके धरते. साध्या दमट हवेचे धुके फडक्याने पुसले की निघून जाते आणि कोरड्या हवेच्या झोताने विरते. गळक्या कोअरचे धुके मात्र पुसल्यावर फरकटते, त्याचे तेलकट पट्टे काचेवर राहतात, आणि बोट फिरवले तर चिकट लागते. कारण काचेवर आदळलेल्या वाफेतले पाणी उडून जाते आणि सावकाश उडणारे ग्लायकॉल मागे उरते. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांच्या प्रकाशात हाच थर पांढरा पडतो आणि चालकाला क्षणभर काहीच दिसत नाही. तिसरे लक्षण पायाखालचे : शेजारच्या आसनापुढची सतरंजी ओली होते आणि कितीही दिवस गेले तरी वाळत नाही, कारण ग्लायकॉल हवेतला ओलावा धरून ठेवते. दरम्यान कूलंटची पातळी हळूहळू उतरत असते, पण ट्रकखाली डाग दिसतोच असे नाही.

ओल्या सतरंजीवरून सरळ कोअरवर ठपका ठेवणे ही या कामातली सर्वांत महागडी घाई आहे. एसीच्या कॉइलवर जमणारे पाणी पेटीच्या तळातल्या नळीवाटे फायरवॉलबाहेर जाते. ती नळी पाल्यापाचोळ्याने तुंबली तर तेच पाणी आत सांडते. पावसाचे पाणी काचेच्या रबरातून किंवा काचेच्या पायथ्याच्या जाळीखालच्या गंजलेल्या पत्र्यातून झिरपून अगदी त्याच जागी पोहोचू शकते. म्हणून ओल नेमकी कशाची आहे हे आधी ठरवावे. स्वच्छ, वास नसलेले, टिपकागदावर रंग न उमटवणारे पाणी असेल तर ते एसीचे किंवा पावसाचे. हिरवट, नारिंगी किंवा पिवळसर छटा असलेले, बोटांना बुळबुळीत लागणारे असेल तर कूलंट. ते चाखून पाहण्याची जुन्या फिटरांची रीत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी, कारण हा द्रव विषारी आहे. याउलट फसगतही होते : पेटीत गळलेले कूलंट तळातल्या त्याच नळीतून बाहेर पडून इंजिनाच्या बाजूने ठिबकते आणि पाहणाऱ्याला वाटते की गळती इंजिनाची आहे.

लक्षणांनंतर दाबाची चाचणी येते, आणि तिला पर्याय नाही. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण काढून त्या जागी घड्याळ लावलेला हातपंप बसवतात. इंजिन तापलेले असताना हे झाकण उघडले तर उसळणाऱ्या कूलंटने माणूस गंभीर भाजू शकतो, म्हणून गार होण्याची वाट पाहण्यात कसर करू नये. झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरायचा. जास्त भरल्यास गळती लवकर सापडेल असे वाटते, पण तीस वर्षांच्या यंत्रणेत त्याने चांगला सांधाही उघडू शकतो. मग दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. काटा उतरला आणि सतरंजीखाली किंवा पेटीच्या तळनळीशी कूलंट दिसले तर निदान पक्के होते. काटा उतरला पण आतबाहेर कुठेही ओल नाही, तर कूलंट इंजिनाच्याच पोटात जात असण्याची, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधला सांधा बंद ठेवणारे हेड गॅस्केट गेल्याची, शंका घ्यावी आणि रेडिएटरच्या तोंडाशी ज्वलनवायू येतात का हे रंग बदलणाऱ्या द्रवाने तपासावे. काटा जागचा हललाच नाही तरी कोअर निर्दोष ठरत नाही. काही भेगा धातू तापून पसरल्यावरच उघडतात, तर होजच्या क्लिपांशी होणारी गळती कित्येकदा उलट कडाक्याच्या थंडीतच दिसते.

अजूनही संशय उरला तर कोअरला यंत्रणेतून वगळून पाहता येते. फायरवॉलशी दोन्ही होज काढून त्यांना एका धातूच्या जोडनळीने एकमेकांना जोडले की कूलंट कोअरला वळसा घालून फिरते. अशा स्थितीत आठवडाभर ट्रक चालवूनही पातळी टिकली, वास गेला आणि काच स्वच्छ राहिली, तर दोष कोअरचाच होता यात संदेह राहत नाही. हा वळसा तात्पुरता उपाय म्हणूनही उपयोगी आहे, पण तो उन्हाळ्यापुरता. हिवाळ्यात काच मोकळी न करता येणारा ट्रक रस्त्यावर आणणे इतरांच्याही जिवाशी खेळणे ठरते.

गळती बंद करणाऱ्या पुड्या आणि बाटल्या बाजारात भरपूर मिळतात आणि त्यांच्याबद्दल टोकाची मते ऐकू येतात. जनरल मोटर्सने स्वतः काही इंजिनांच्या कूलंटमध्ये अशा गोळ्या वापरल्या होत्या, तेव्हा ही पद्धत निव्वळ भोंदूगिरी म्हणता येत नाही. पण सुईच्या टोकाएवढ्या भोकात अडकून बसणारा पदार्थ तितक्याच अरुंद नळ्यांतही अडकतो, आणि संपूर्ण यंत्रणेत सर्वांत अरुंद नळ्या कोअरच्याच असतात. परिणामी गळती थांबते आणि त्याबरोबर उष्णताही थांबते. रानात अडकलेला ट्रक घरी आणण्यापलीकडे या उपायाला स्थान देऊ नये. कोअर असा तुंबला आहे का हे होजना हात लावून कळते : दोन्ही होज हाताला सारखेच कढत लागले तर कोअरमधून प्रवाह चालू आहे. आत जाणारा कढत आणि परत येणारा गार असेल तर कोअर तुंबलेला आहे आणि आधी कोणीतरी अशी पुडी ओतली असण्याची दाट शक्यता आहे.

निदान झाल्यावर कामाचा आवाका ठरतो तो ट्रक कोणत्या आराखड्याचा आहे यावर. १९८७ ते १९९६ मधला एफ-१५० या बाबतीत आदर्श मानावा लागेल. त्याच्या हातपेटीच्या, म्हणजे ग्लव्हबॉक्सच्या, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि मागे पेटीचे प्लॅस्टिकचे झाकण समोर येते. काही स्क्रू काढले की झाकण सुटते आणि कोअर सरळ बाहेर ओढता येतो. एसीच्या वायूला किंवा डॅशबोर्डाच्या सांगाड्याला हात लावावा लागत नाही. ज्याने हा आराखडा काढला त्याने हा भाग कधी ना कधी गळणारच हे गृहीत धरून दुरुस्ती करणाऱ्या हाताला वाट ठेवली होती, आणि अभियांत्रिकीतल्या या सौजन्याचे मोल तीस वर्षांनी कळते.

तरी या सोप्या कामातही हाताला घाई नको. रेडिएटरच्या खालच्या तोटीतून थोडे कूलंट काढून पातळी उतरवावी. मग फायरवॉलशी असलेले होज सोडवताना ते पिळून ओढू नयेत. वर्षानुवर्षे तापून रबर तोटीला घट्ट चिकटलेले असते आणि ओढण्याच्या जोराने तोटी टाकीपासून निखळते. होज तसेही बदलायचे असतात, म्हणून धारदार पात्याने तोटीच्या लांबीने उभा छेद द्यावा, त्यात पेचकसाचे चपटे टोक घालून रबर उकलावे, म्हणजे ते सालीसारखे सुटून येते. छेद देताना पाते धातूत रुतता कामा नये, कारण इथे पडलेला ओरखडा उद्याच्या गळतीची जागा होतो. जुना कोअर टाकून द्यायचा असला तरी इंजिनाकडच्या टोकाला हाच नियम पाळावा लागतो. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या व्ही-८ इंजिनाच्या ट्रकांत हीटरचा एक होज इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागावर, ज्या झटपट जोडणीने बसतो, ती ठिसूळ ओतीव धातूची असते आणि हात लागताच भुगा होते. अशा वेळी तिचा तुकडा आट्यांत अडकून काम दुप्पट वाढते, म्हणून ती नव्याने आणूनच होजला हात घालावा. कोअर बाहेर काढण्यापूर्वी एका तोटीतून हलकी हवा फुंकून आतले कूलंट दुसरीकडून भांड्यात घ्यावे, नाहीतर ते सतरंजीवर सांडते.

दुसऱ्या पिढीचा, म्हणजे १९९४ ते २००१ मधला, डॉज रॅम याच्या अगदी उलट आहे. त्याच्यात कोअर आणि एसीची कॉइल एकाच बंद पेटीत आहेत, पेटी डॅशबोर्ड आणि फायरवॉल यांच्या बेचक्यात आहे, आणि ती काढायची तर एसीच्या नळ्या सोडवाव्या लागतात. रेफ्रिजरंट वायू हवेत सोडणे अमेरिकेत १९९० च्या दशकापासून कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून तो प्रमाणित तंत्रज्ञाकडून यंत्राने आधी काढून घ्यावा लागतो. त्यानंतर बॅटरीची तार काढून एअरबॅगमधला साठलेला विद्युतभार उतरेपर्यंत काही मिनिटे थांबायचे, स्टिअरिंगचा दांडा खाली उतरवायचा, काचेच्या पायथ्याशी वरच्या पट्टीखाली लपलेले आणि दोन्ही बाजूंच्या खांबांतले बोल्ट काढायचे, आणि डॅशबोर्ड मागे झुकवून किंवा बाहेर काढून पेटीला वाट करून द्यायची. या ट्रकांच्या डॅशबोर्डाचे प्लॅस्टिक उन्हाने इतके ठिसूळ होते की काढताना त्याचे तुकडे पडण्याची भीती खरी असते. थंडीत हे काम करायचे असल्यास गरम शेडमध्ये करावे. पेटी एवढी खोल गाडली गेली याचे कारण कारखान्यात आहे : जोडणीच्या रांगेवर पेटी आणि डॅशबोर्ड आधी जागेवर बसतात, पुढची काच आणि आसने नंतर येतात, आणि जोडताना जे सर्वांत आधी बसले ते सोडवताना सर्वांत शेवटी निघते.

एवढे उघडल्यावर फक्त कोअर बदलून पेटी बंद करणे हा खोटा काटकसरीपणा आहे. याच रॅमच्या पेटीतली हवा वळवणारी प्लॅस्टिकची दारे बिजागरीशी मोडण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, इतकी की त्यांच्या जागी बसवायला धातूची दारे वेगळी विकली जातात. ती तेव्हाच बसवावीत. एसीची कॉइल तीस वर्षांची असेल तर तिचाही विचार करावा, तळनळी साफ करावी, ब्लोअरचे पाते झाडून घ्यावे. झाडांची पाने आणि उंदरांनी आणलेल्या कापसाचे गोळे पेटीत सापडणे हे नेहमीचेच आहे. कोअरभोवती असलेली फोमची पट्टी कुजलेली असते आणि ती दुर्लक्षिली जाते, पण हवा नेहमी सोप्या वाटेने जाते : पट्टी नसेल तर ती फिन्समधून न जाता कडेने निसटते आणि नवा कोअर असूनही केबिन कोमटच राहते.

नवा कोअर बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून पाहावा. तोट्यांचा व्यास, त्यांचा कोन, टाकीची जाडी यांतला थोडासा फरकही पेटी बंद होऊ देत नाही, आणि मग तोटी वाकवून बसवण्याचा मोह होतो, जो सांध्याला तडा देतो. तांबे-पितळेचा कोअर मिळत असेल तर जुन्या हिरव्या कूलंटच्या ट्रकासाठी तो घेण्यात शहाणपण आहे, कारण तो पुन्हा झाळता येतो. यंत्रणा आधी साध्या पाण्याने उलट दिशेने धुवावी, शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याचे करावे, आणि नळाचे क्षारयुक्त पाणी कूलंटमध्ये कधीही मिसळू नये. हवेच्या कॉम्प्रेसरचा दाब या धुण्यासाठी वापरू नये, कारण तो कोअरला पेलवणाऱ्या दाबाच्या कित्येक पट असतो. हिरवे आणि नारिंगी कूलंट एकत्र केल्यास गंजरोधक रसायने एकमेकांना मारक ठरतात आणि काही वेळा चिखलासारखा गाळ बनतो, म्हणून एकच जात ठरवून तीच भरावी.

पुढची पायरी बहुतेकजण उलट क्रमाने करतात. कोअर जागेवर आणि होज जोडलेले, पण डॅशबोर्ड अजून बाहेर, अशा अवस्थेत पुन्हा एकदा दाबाची चाचणी घ्यावी. नव्या कोअरमध्येही क्वचित दोष असतो, क्लिप तिरकी बसते, किंवा होज तोटीवर पुरता चढलेला नसतो. या तिन्ही गोष्टी आता एका नजरेत दिसतात आणि डॅशबोर्ड बसल्यावर दिवसभराचे काम वाया घालवतात. क्लिपही प्रमाणात आवळावी. स्क्रूने आवळायची क्लिप जास्त ताणल्यास रबर कापते आणि पातळ तोटी चेपते. स्प्रिंगची क्लिप धातू-रबराच्या आकुंचन-प्रसरणाबरोबर स्वतः जुळवून घेते, म्हणून कडक हिवाळ्याच्या प्रदेशात तीच बरी.

कूलंट भरताना कोअर हा यंत्रणेतल्या उंच जागांपैकी एक असल्याने त्यात हवा अडकते, आणि हवा धरलेला कोअर गरम होत नाही. ट्रकचे तोंड चढावर करून, हीटरची मूठ पूर्ण गरमवर ठेवून आणि रेडिएटरचे झाकण उघडे ठेवूनच गार इंजिन सुरू करावे. इंजिनातला कूलंटची वाट रोखून धरणारा थर्मोस्टॅट, जो अनेक अमेरिकी ट्रकांत ९० अंशांच्या आसपास उघडतो, तो उघडला की पातळी एकदम खाली जाते, बुडबुडे येतात, आणि कूलंट घालत राहावे लागते. डॅशबोर्डामागून पाण्याची गुडगुड ऐकू येत असेल तर हवा अजून शिल्लक आहे. पुढचे दोन-तीन दिवस रोज सकाळी इंजिन गार असताना पातळी पाहावी, कारण उरलेली हवा प्रवासात सुटत जाते आणि पातळी थोडी उतरते. ती स्थिर झाली की काम पुरे झाले असे समजावे. सतरंजीखालचा तागाचा किंवा फोमचा थर मात्र धुऊन वाळवल्याशिवाय परत टाकू नये. त्यात मुरलेले ग्लायकॉल ओल धरते आणि खालचा पत्रा आतून गंजतो, आणि जमिनीला भोक पडलेला ट्रक नव्या कोअरने वाचत नाही.

काढलेले कूलंट गटारात, शेतात किंवा अंगणात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि कुत्री-मांजरी ते चाटतात. शरीरात त्याचे ग्लायकॉलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांत रूपांतर होते, ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडांत साचतात, आणि थोडेसे सांडलेले कूलंटही एका मांजराचा जीव घ्यायला पुरते. अमेरिकेतील उत्पादकांनी २०१२ मध्ये सर्व राज्यांतल्या किरकोळ विक्रीच्या कूलंटमध्ये कडू पदार्थ मिसळण्याचे स्वेच्छेने मान्य केले, पण जुन्या ट्रकात किती वर्षांपूर्वीचे कूलंट आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि कडू चवीने प्रत्येक जनावर थांबतेच असे नाही. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, चिठ्ठी लावून, घातक कचरा स्वीकारणाऱ्या स्थानिक केंद्रावर किंवा घेत असल्यास सुट्या भागांच्या दुकानात द्यावे. जमिनीवर सांडलेल्या थेंबांवर माती किंवा भुसा टाकून तोही त्याच डब्याबरोबर द्यावा. जुना कोअर तांबे-पितळेचा असेल तर भंगारवाला त्याचे वेगळे पैसे देतो, मात्र त्याआधी त्याच्या नळ्यांत उरलेले कूलंट पूर्ण निथळवून घेतलेले असावे.